आईचा व्हॉल्व्ह उत्तम चालतोय, मग अँजिओग्राफी का अडली?

हल्ली पुण्यात कुठल्याही लग्नात गेलं की एखादे काका तरी भेटतातच ज्यांचा व्हॉल्व्ह "छाती न उघडता, मांडीतून" बदललाय आणि तिसऱ्या दिवशी घरी आलेत. याला टावी म्हणतात, हा शब्द आता पेपरात येतो, हॉस्पिटलच्या जाहिरातीत येतो. आमच्या आईचं झालं तीन वर्षांपूर्वी, तेव्हा ती ७३ची होती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारी बाई, आधी मध्ये एकदा बसायला लागली, मग तीनदा, आणि शेवटी पायथ्याशीच हात जोडून परत फिरायला लागली तेव्हा आम्ही तिला दाखवायला नेलं. टावी झाली आणि चार महिन्यांत ती परत वर जाऊन आली, सावकाश, पण स्वतःच्या पायांनी.

मग यंदा श्रावणात छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं. अँजिओग्राफी करू म्हणाले, वीस मिनिटांचं काम आहे. आत नेलं आणि सव्वा तास झाला तरी कोणी बाहेर येईना. नंतर डॉक्टर आले आणि म्हणाले, व्हॉल्व्ह मस्त आहे, डावी रक्तवाहिनी दिसली, पण उजवीच्या तोंडापर्यंत नळी जातच नाहीये, व्हॉल्व्हची जाळी आडवी येतीये.

मला ते कळलंच नाही. व्हॉल्व्ह म्हणजे आतलं दार, ब्लॉकेज असतात बाहेरच्या रक्तवाहिन्यांत, मग याची जाळी त्याला आडवी कशी येईल? आणि हे असं होऊ शकतं हे तीन वर्षांपूर्वी आम्हाला कोणी एका वाक्यानं सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर नाही, भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, खिडक्यांची ग्रिलं, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे. पण जाळी आणि चौकट हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे असेल, आईचा सीटी स्कॅन डॉक्टरांनी स्क्रीनवर फिरवून दाखवला तेव्हा मला ते एकदम दिसलं. ते इथं लिहितोय, कारण ज्यांच्या घरी टावी व्हायचीये त्यांना हे आधी माहीत असलं पाहिजे.

दार, आणि दारामागची जागा

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून सगळ्या अंगाला रक्त जातं, ते ज्या मोठ्या नळातून जातं ती महाधमनी, आणि या दोघांच्या मधलं दार म्हणजे एओर्टिक व्हॉल्व्ह. त्याला तीन पातळ पाकळ्या असतात, प्रत्येकीची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि दिवसातून साधारण एक लाख वेळा त्या उघडतात नि मिटतात. निरोगी दार पूर्ण उघडलं की भोक साधारण तीन ते चार चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे आत्ताच्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. वय वाढतं तसं काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, अगदी गिझरच्या कॉइलवर क्षार साचतात तसं, पाकळ्या कडक होतात आणि भोक कमी होत होत एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला सिव्हिअर म्हणतात. म्हणजे रुपयाच्या नाण्याऐवजी शर्टाच्या बटणाएवढ्या जागेतून सगळ्या शरीराचं रक्त ढकलायचं. दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं ही त्याची लक्षणं, आणि एकदा ती सुरू झाली की हातात वर्षं फार नसतात. म्हणून दार बदलावंच लागतं, गोळ्यांनी ते उघडत नाही.

आता खरी महत्त्वाची जागा. आपल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवा. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, आणि दाराची फळी उघडली की ती भिंतीतल्याच एका खाचेत जाऊन बसायची, रस्त्यात यायची नाही. महाधमनीच्या बुडाशी तसंच आहे. प्रत्येक पाकळीच्या मागे भिंत थोडी बाहेर फुगलेली असते, असे तीन फुगवटे, त्यांना वाल्साल्वाचे सायनस म्हणतात, वाल्साल्वा हे साधारण तीनशे वर्षांपूर्वीचे इटालियन शरीरशास्त्रज्ञ. त्यांच्याही आधी लिओनार्दो दा विंचीनं या फुगवट्यांत रक्ताचे भोवरे कसे फिरत असतील याची चित्रं काढून ठेवलीत, पाचशे वर्षांपूर्वी, आणि तो बरोबर होता. भोवऱ्यांमुळे पाकळी भिंतीला चिकटत नाही आणि मिटायच्या वेळी अलगद परत येते.

आणि या तीन खाचांपैकी दोन खाचांत एकेक कोनाडा आहे, म्हणजे भोक. तिथून निघतात हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या, कोरोनरी. डावीतून डावी, उजवीतून उजवी, तिसऱ्या खाचेत काहीच नाही. दाराच्या चौकटीपासून ही भोकं किती वर असतात तर बहुतेकांची दहा-पंधरा मिलिमीटर. बास. करंगळीच्या नखाएवढं अंतर. मी समजत होतो की दार कुठेतरी आत आणि कोरोनरी कुठेतरी बाहेर, तर तसं नाहीच, कोरोनरी त्याच चौकटीच्या डोक्यावरून निघतात.

अजून एक गोष्ट, हृदय आकुंचन पावतं तेव्हा स्नायूच आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतो, त्यामुळे हृदयाला स्वतःला रक्त मुख्यतः मिळतं ते त्यानंतर, दार मिटल्यावर, सैल पडल्यावर. सगळ्यांची पानं वाढून झाली की मग स्वतः जेवायला बसणाऱ्या आईसारखं. त्या निवांत क्षणी फुगवट्यातलं रक्त कोनाड्यातून आत शिरायला मोकळं पाहिजे.

ऑपरेशनमध्ये जुनं दार काढतात, टावीत ते तिथंच राहतं

हे कळलं की पुढचं सगळं कळतं.

छाती उघडून ऑपरेशन करतात तेव्हा सर्जन जुन्या पाकळ्या कापून काढतो, कॅल्शियम खरवडतो, आणि नवीन व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघत शिवतो. टावीत यातलं काही काढायला जागाच नसते. मांडीच्या धमनीतून एक नळी वर नेतात, तिच्यात मिटवलेल्या छत्रीसारखा व्हॉल्व्ह असतो, धातूची जाळी आणि तिच्या आत गाईच्या किंवा डुकराच्या हृदयाभोवतीच्या पातळ आवरणापासून शिवलेल्या पाकळ्या. तो जुन्या दारात नेऊन उघडतात, आणि जुन्या पाकळ्या कॅल्शियमसकट बाजूला भिंतीकडे दाबल्या जातात. आमच्या भाषेत सांगायचं तर जुनी चौकट न काढता तिच्या आत नवीन चौकट ठोकून बसवली.

ही कल्पना सुचली १९८९ साली हेनिंग रुड अँडरसन नावाच्या डॅनिश डॉक्टरला, त्यांनी खाटकाकडून डुकराची हृदयं आणून, हातानं तार वाकवून पहिला नमुना केला आणि त्याच वर्षी डुकरात बसवून बघितला. माणसात पहिल्यांदा हे केलं आलं क्रिबिये यांनी, फ्रान्समधल्या रुआं शहरात, १६ एप्रिल २००२ला. आणि हे नुसतं कौतुकाचं नाही, २०१० साली ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही अशा पेशंटवर मोठी चाचणी झाली, त्यात नुसती औषधं वगैरे दिलेल्यांपैकी वर्षात निम्मे, ५०.७ टक्के, गेले आणि टावी झालेल्यांपैकी ३०.७ टक्के. शंभरातली वीस माणसं. त्यामुळे मी टावीच्या विरोधात लिहितोय असं कृपा करून कोणी समजू नका, माझी आई आज आहे ती त्याच्यामुळे.

बुटकी जाळी आणि उंच जाळी

टावीचे व्हॉल्व्ह ढोबळमानानं दोन प्रकारचे. एक फुग्यानं उघडायचे, आत बलून असतो, तो फुगवला की जाळी उघडून घट्ट बसते. यांची जाळी बुटकी, साधारण दोन सेंटिमीटर. सेपियन हा त्यातला जुना, आणि गुजरातमध्ये वापीला बनणारा मायव्हॅल पण याच जातीचा. दुसरे आपोआप उघडणारे, निटिनॉल नावाच्या धातूचे, हा धातू स्वतःचा आकार लक्षात ठेवतो, थंड असताना मिटवला तरी शरीराच्या उबेत परत उघडतो. कोअरव्हॉल्व्ह आणि त्याचा पुढचा इव्होल्यूट या जातीचे, यांची जाळी चारेक सेंटिमीटरपेक्षा उंच.

आता मगाचं दहा-पंधरा मिलिमीटर आठवा. बुटकी जाळी पुष्कळ जणांत कोरोनरीच्या भोकाच्या आसपास किंवा खालीच संपते. उंच जाळी भोकावरून पुढे महाधमनीत जाते, म्हणजे भोक जाळीच्या मागे येतं. खिडकीला बॉक्स ग्रिल लावलं आणि आता ग्रिलच्या आत उभं राहून बाहेरच्या भिंतीवरच्या बेलचं बटण दाबायचंय, असं काम. हात जातो, पण बरोबर त्या चौकोनातून घालावा लागतो, आणि मनगट वळायला जागा लागते.

ती मनगट वळायची गोष्ट फार महत्त्वाची आहे. अँजिओग्राफीच्या नळीला म्हणजे कॅथेटरला एक ठरलेला बाक असतो, जडकिन्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६०च्या दशकात हे बाक बनवले आणि आजही तेच वापरतात. हा बाक महाधमनीच्या समोरच्या भिंतीला टेकतो आणि टोक आपोआप कोरोनरीच्या तोंडात सरकतं. मध्ये उंच जाळी आली की बाकाला टेकायला भिंतच मिळत नाही, नळी जाळीच्या आतच वळते, आणि टोक भलत्याच चौकोनातून बाहेर पडतं. नळीची जाडी असते दोन मिलिमीटरच्या आसपास. आईच्या वेळी तासभर जे चाललं होतं ते हे.

"पण जाळीला भोकं आहेत ना, रक्त तर जातंच की"

हा प्रश्न माझ्या मोठ्या भावानं, दादानं, पहिल्याच दिवशी विचारला आणि तो बरोबरच आहे. जाळीच्या वरच्या भागाला कापड नसतं, चौकोन मोकळे असतात, रक्त त्यातून आरामात वाहतं, म्हणून जाळी आडवी आहे म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय असं अजिबात नाही. पाणी ग्रिलमधून जातं, शिडी जात नाही. अडचण रक्ताची नाही, डॉक्टरच्या नळीची आहे, आणि ती नळी रोज लागत नाही, पण लागते तेव्हा तातडीनंच लागते.

कारण ज्यांचा व्हॉल्व्ह असा कडक होतो त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना कोरोनरीतही कमीजास्त आजार असतोच, वय तेच, कॅल्शियम तेच. उद्या अशा माणसाला हार्ट अटॅक आला तर मिनिटं मोजायची वेळ असते, आणि टावी झालेल्यांमध्ये अटॅकच्या वेळी वाहिनी उघडायला जास्त वेळ लागतो आणि प्रयत्न फसायचं प्रमाणही जास्त असतं असं अभ्यासात दिसलंय. इटलीतल्या एका अभ्यासात, २०२०चा आहे, ३०० जणांची टावीच्या आधी आणि लगेच नंतर अशी दोनदा नळी घालून बघितली, २३ जणांत नंतर जाता आलं नाही, त्यातले २२ उंच जाळीवाले. म्हणजे ३०० पैकी २७७ जणांत गेलीच, हेही तितकंच लक्षात ठेवा.

रक्तच अडण्याचा धोका वेगळा आणि तो त्याच टेबलावरचा असतो. मघाशी म्हटलं ना जुन्या पाकळ्या बाजूला दाबल्या जातात, ती पाकळी लांब असेल, भोक खाली असेल आणि फुगवटा अरुंद असेल तर पाकळीच भोकावर झाकणासारखी बसू शकते. हे शंभरात एकाच्याही खाली होतं पण झालं तर जीवावरचं, आणि बायकांमध्ये जास्त, कारण त्यांची महाधमनी बुडाशी लहान असते. यासाठीच टावीच्या आधी सीटी स्कॅन करून भोकाची उंची आणि फुगवट्याची रुंदी मोजतात. उंची बारा मिलिमीटरपेक्षा कमी, फुगवटा तीस मिलिमीटरपेक्षा अरुंद, असं दिसलं की डॉक्टर सावध होतात.

चौकट किती फिरली

ग्रिल बसवताना आम्ही लेव्हल बघतो, गुण्यात आहे का बघतो. व्हॉल्व्हमध्ये अजून एक गोष्ट बघायची असते. नवीन व्हॉल्व्हच्या तीन पाकळ्या जिथं एकमेकींना मिळतात तिथं तीन उभे खांब असतात, आणि खांबापाशी मोकळा चौकोन नसतो, तिथं शिवण असते. आपल्या मूळ दारातही असे तीन सांधे असतात आणि निसर्गानं कोरोनरी बरोबर दोन सांध्यांच्या मध्ये ठेवलीये. ऑपरेशन करणारा सर्जन डोळ्यांनी बघून नव्याचा खांब जुन्या सांध्यावर ठेवतो. टावीत व्हॉल्व्ह मांडीपासून वर, कमानीवरून वळून येतो, फिरत फिरत, आणि बरीच वर्षं तो शेवटी कसा फिरून बसेल हे नशिबावरच होतं. नशीब खराब असेल तर खांब नेमका भोकासमोर.

आता यावर युक्त्या आल्यात. आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हची नळी मांडीतून घालतानाच अमुक बाजूला तोंड करून घालायची, वर गेल्यावर व्हॉल्व्हवरची एक खूण एक्स-रेत कमानीच्या बाहेरच्या बाजूला दिसतीये का बघायचं, नसेल तर फिरवायची. साधीच गोष्ट, पण तिनं खांब भोकासमोर यायचं प्रमाण बरंच कमी झालंय. सगळ्या कंपन्यांच्या व्हॉल्व्हमध्ये हे सारखं जमतं असं नाही. आईच्या वेळी हे केलं होतं की नाही मला माहीत नाही, कागदावर तसं काही लिहिलेलं नाही, आणि सीटीत तिचा एक खांब उजव्या भोकाच्या अगदी शेजारी आलाय हे मात्र मी स्वतः बघितलं.

"मग उंच जाळी लावतातच कशाला?"

कारण तिचा फायदा आहे. उंच जाळीत नव्या पाकळ्या मूळ चौकटीच्या वर बसवलेल्या असतात, अरुंद भागात नाही, त्यामुळे दार जास्त मोठं उघडतं. आईसारख्या बारीक अंगाच्या बाईची मूळ चौकटच लहान, तिच्यात बुटका व्हॉल्व्ह बसवला तर रक्ताला वाट थोडी कमी मिळू शकते. २०२४ साली लहान चौकटवाल्यांवरच, त्यातल्या बहुतेक बायकाच होत्या, एक मोठी चाचणी आली, तिच्यात उंच जातीचे व्हॉल्व्ह वर्षभरानंतर जास्त चांगले उघडत होते, माणसं दगावण्यात वगैरे मात्र फरक नव्हता. म्हणजे आईला उंच व्हॉल्व्ह लावला ही चूक नव्हती, मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं, दोघंही म्हणाले आम्हीही कदाचित तोच लावला असता. माझी तक्रार निवडीबद्दल नाही, निवडीची दुसरी बाजू घरच्यांना सांगितली नाही याबद्दल आहे.

आणि उंचीचा प्रश्न नुसता जाळीच्या लांबीचा नाही, ती किती खोल बसवली याचाही आहे. मूळ चौकटीच्या लगेच खालून हृदयाची वायरिंग जाते, ठोक्यांचा करंट नेणारी. व्हॉल्व्ह खोल बसला तर त्या वायरिंगवर दाब येतो आणि पेसमेकर लावावा लागतो. म्हणून डॉक्टर तो जरा वर बसवायला बघतात. वर बसवला की पेसमेकर टळतो पण जाळी कोरोनरीच्या भोकासमोर अजून वर चढते. पाचेक मिलिमीटरच्या जागेत खाली वायरिंग आणि वर कोरोनरी, आणि हृदय धडधडत असताना तिथं चौकट बसवायची. आमच्याकडे पाच मिलिमीटरचा फरक पडला तर आम्ही सिमेंट भरतो. हे काम करणाऱ्या लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुसऱ्या व्हॉल्व्हची वेळ आली तर

इथं जरा थांबून वाचा, कारण ज्यांचं वय साठ-पासष्ट आहे त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

प्राण्याच्या आवरणाचा कुठलाही व्हॉल्व्ह कायमचा नसतो, दहा-पंधरा वर्षांत तोही कडक होऊ शकतो. ८२ वर्षांच्या आजोबांना बहुतेक वेळा एकच पुरतो. ६४च्या माणसाला दुसरा लागेल असं धरूनच चालावं. दुसरा टावी म्हणजे पहिल्याच्या आत अजून एक. आता चित्र डोळ्यासमोर आणा, पहिल्या ग्रिलला आतून पडदा होता, तो म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हच्या पाकळ्या. दुसरं ग्रिल आतून ठोकलं की तो पडदा दोन ग्रिलांच्या मध्ये कायमचा उघडा ताणून दाबला जातो, आणि पहिलं ग्रिल जे मोकळ्या चौकोनांचं होतं ते आता पडद्याच्या उंचीपर्यंत बंद पाइप होतं. हा बंद पाइप कोरोनरीच्या भोकाच्या खालीच संपत असेल तर काही प्रश्न नाही. भोकाच्या वर गेला तर मग सगळं अवलंबून पाइप आणि महाधमनीची भिंत यांच्यात किती फट उरते त्याच्यावर. दोन मिलिमीटरपेक्षा कमी फट म्हणजे धोक्याची. तिथं मग नुसती नळीच नाही, रक्तसुद्धा अडू शकतं. उंच व्हॉल्व्हचा पडदा उंच, म्हणून हा प्रश्न त्यांच्यात जास्त.

यावर उपाय शोधलेत. अमेरिकेत बॅसिलिका नावाची पद्धत काढली, तारेतून करंट सोडून तो पडदा मधोमध चिरायचा म्हणजे चिरेतून रक्त भोकाकडे जाईल. काही वेळा कोरोनरीत आधीच स्टेंट ठेवून तो धुराड्यासारखा वर काढतात. आणि काहीच जमत नसेल तर छाती उघडून पहिला टावी व्हॉल्व्ह काढायचा, जो तोपर्यंत भिंतीत रुतलेला असतो, ते पहिल्या ऑपरेशनपेक्षा पुष्कळ अवघड. यातली कुठलीच गोष्ट वीस मिनिटांची नाही आणि ती सगळीकडे होत नाही.

म्हणूनच वयाचे नियम आहेत. अमेरिकेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ६५च्या खाली ऑपरेशन, ८०च्या वर टावी आणि मधल्यांनी डॉक्टरांशी बसून ठरवायचं. युरोपनं २०२१ला टावीसाठी ७५ची रेघ धरली होती, २०२५ला ती ७०वर आणली. पण साठीतला माणूस जेव्हा म्हणतो ना की "मला टाके नकोत, मांडीतूनच करा", तेव्हा त्याला आजचे तीन दिवस दिसत असतात. ७५व्या वर्षी काय वाट उरेल हे कोणीतरी त्याला कागदावर काढून दाखवलं पाहिजे. मी तर म्हणेन साठीतल्या धडधाकट माणसानं आधी सर्जनला भेटावं आणि मग ठरवावं, पहिल्यांदा ऑपरेशन आणि दुसऱ्यांदा, वय झाल्यावर, टावी हा क्रम पुष्कळांना जास्त सोयीचा पडतो.

"मग आधीच स्टेंट टाकून घ्यायचा का?"

वाट अवघड होणार असेल तर आधीच साफ करून घ्या, असं कोणालाही वाटेल. याचं उत्तर बऱ्यापैकी मिळालंय. २०२४ला युरोपातल्या एका चाचणीत टावी होणाऱ्या ४५५ जणांना, ज्यांच्या कोरोनरीत खरोखर मोठा अडथळा होता, दोन गटांत वाटलं. स्टेंट टाकलेल्यांत मृत्यू, अटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी याचं प्रमाण दोनेक वर्षांत २६ टक्के, न टाकलेल्यांत ३६. पण रक्तस्राव स्टेंटवाल्यांत जास्त झाला, कारण रक्त पातळ करायच्या गोळ्या. आणि हे फक्त मोठ्या अडथळ्यांबद्दल आहे, ९० टक्क्यांच्या वरचे किंवा प्रेशर मोजून खरंच रक्त अडतंय असं दिसलेले. आईचा उजवीतला अडथळा तेव्हा चाळीस-पन्नास टक्के होता, तो तेव्हा सोडून दिला हे योग्यच होतं. तीन वर्षांत तो वाढला.

सीटी स्कॅननं काम भागत नाही का, असंही एकानं विचारलं. बघायचं काम बरंचसं भागतं. पण सीटी स्टेंट टाकू शकत नाही.

काय विचारायचं आणि काय जपून ठेवायचं

टावी ठरली की डॉक्टरांना हे सरळ विचारा: कोरोनरीची तोंडं किती उंचीवर आहेत, जाळी त्यांच्यापुढे जाणार का, खांब जुळवायचा प्रयत्न करणार का, आणि उद्या दुसरा व्हॉल्व्ह लागला तर या सीटीवरून काय दिसतंय. चांगले डॉक्टर यानं चिडत नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून स्क्रीन दाखवतात, मला हा अनुभव आलाय. पंच्याऐंशीच्या आजींसाठी शेवटचा प्रश्न सोडून द्या, त्यांना आत्ता दम लागतोय तो थांबणं महत्त्वाचं.

आणि व्हॉल्व्हचं कार्ड. त्यावर कंपनी, मॉडेल, साइज आणि नंबर असतो. आमच्या डिस्चार्ज फाइलमध्ये नुसतं "टावी केली, पेशंट स्टेबल" एवढंच होतं, स्टिकर लावायची जागा रिकामी. श्रावणात त्या दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विचारतायत कुठला व्हॉल्व्ह, किती नंबरचा, आणि आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे बघतोय. एक्स-रेवर जात ओळखता येते, पण आधी माहीत असतं तर त्यांनी सुरुवातच वेगळ्या नळीनं केली असती. नंतर मी पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमला तीन चकरा मारल्या तेव्हा तो नंबर मिळाला.

दहा दिवसांनी आईला परत नेलं, या वेळी तयारीनं. आधी सीटी करून उजव्या भोकासमोर कुठला चौकोन येतो ते नक्की केलं. नळी थेट घुसवायच्या ऐवजी आधी केसासारखी मऊ तार त्या चौकोनातून पलीकडे नेली, मग तिच्यावरून एक बारीक नळी, आणि मग स्टेंट. आई जागीच होती. ती सांगते की डॉक्टर म्हणाले, "मावशी, पाच मिनिटं अजिबात हलू नका," आणि तिनं मनात रामरक्षा सुरू केली, ती पूर्ण व्हायच्या आत झालं.

निघताना मी डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घेतल्या. आता कार्ड लॅमिनेट करून आईच्या पर्समध्ये आहे, पीएमपीच्या पासाच्या मागच्या कप्प्यात, आणि त्याच्या पाठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, उजव्या कोरोनरीला कुठल्या बाकाची नळी लागली, कुठल्या चौकोनातून गेली, आणि खांब कुठल्या बाजूला आहे.